पुढचा हात

आखाजीच्या दिवशी घागर भरायच्या आधी पिठात हात घालणारी बाई कौतिकबाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आणि पाहायची वेळ आली ती गजरामुळे, याचा त्यांना भलताच संताप आला.

"काही लाज आहे का गजरेला?" त्या रिकाम्या घरात मोठ्यांदा म्हणाल्या. "गेलेल्या नवऱ्याला अजून पाणी दाखवलं नाही, अन् बसली मांडे करायला!"

घरात उत्तर द्यायला कुणी नव्हतं. समोरच्या पडद्यावर पुण्यातलं एक स्वयंपाकघर दिसत होतं, जिथं कौतिकबाई कधी गेल्या नव्हत्या. तिथं पोलादी हातांच्या दोन जोड्या समोरासमोर बसवलेल्या. मध्ये पाट, शेजारी विस्तवावर पालथं घातलेलं मातीचं खापर. अलीकडचे हात कौतिकबाईंचे. त्यांनी इकडे अमळनेरात, दोन्ही हातांत यंत्राची बाही चढवून, नुसत्या हवेत उंडा भरला की तिकडे पुण्यात खराखुरा उंडा भरला जाई. पुरण भरलेला तो गोळा पाटावर जरा लाटून पुढे करायचा, की पलीकडचे हात तो झेलणार, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवणार आणि खापरावर टाकणार. मांडा एकटीनं होत नाही, दुकटीनंच होतो.

आज पलीकडे बदलीची बाई असायला हवी होती. आखाजीला दरवर्षी तसंच व्हायचं. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा गेलेल्या माणसांचाही सण. त्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तिच्या तोंडावर खरबूज ठेवायचं, गोड सांजोरीचा घास काढायचा, मग बाकीचं. कौतिकबाई उजाडायच्या आत घागर उरकून कामाला बसत. गजराचं तसं नव्हतं. तिचा लेक झोपाळू. तो उठणार, आंघोळ करणार, घागर भरणार, मग ही येणार. ऊन ओट्यावर चढेपर्यंत ती पिठाला शिवत नसे.

आणि आज पहिलाच उंडा पुढे केला, तर तो झेलताना पलीकडचा डावा अंगठा ताठ राहिला. पोलादाचा अंगठा वाकायला मोकळा होता. पण लग्न होऊन आली त्याच वर्षी खापरावर भाजलेला गजराचा अंगठा पेरात वाकत नव्हता, म्हणून पुण्यातलाही वाकत नव्हता. असा अंगठा जगात एकच होता.

हा धंदा सुरू झाला तो कौतिकबाईंच्या ओट्यावर. त्यांची नात आर्वी सुट्टीत आली होती. ती शिकलेली, दूर गावच्या रुग्णाच्या पोटात इथं बसून टाके घालता यावेत म्हणून डॉक्टरांसाठी बाह्या बनवणाऱ्या लोकांत काम केलेली. आजी आणि शेजारची गजराआजी मांडे करत असताना ती जेवायचं विसरून बघत राहिली.

"आजी, पोळ्या लाटणारी यंत्रं जगात ढीग आहेत. मांडा करणारं एकही नाही."

"कसं असेल?" कौतिकबाई म्हणाल्या. "यंत्राला सासू कुठं असते?"

त्यातून 'खापर' नावाची कंपनी निघाली. तिला ऑफिस नव्हतं, पाटी नव्हती, कुलूप नव्हतं. शिरपूर, चोपडा, धरणगाव, जिथं म्हणून मांड्याचा हात होता तिथल्या बायका आपापल्या घरात बाही चढवून बसत. स्वयंपाकघरं पुण्याला, मुंबईला, पुढे दुबईलाही. आर्वी कंपनीची मालकीण, पण ती आज बंगळुरात तर उद्या शिलाँगला. कौतिकबाईंना हे पहिल्यापासून खटकलं. "कुलूप नसलेला धंदा म्हणजे दार नसलेलं घर," त्या म्हणत, "कुत्रं शिरलं तरी कळायचं नाही." पण हात तपासायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते पाटलिणीच्या तोऱ्यात केलं. रोज सकाळी पडद्यावरच्या चौकटींत बायकांची तोंडं उगवत आणि कौतिकबाई एकेकीला सोलून काढत. "मंदे, मागं दूध उतू चाललंय." "सुमन, तोंडात काय आहे? थुंक आधी." बायका त्यांना माय म्हणत आणि चळाचळा कापत.

मात्र काम संपलं की सगळ्या चौकटी एकदम विझत. पूर्वी मांडे झाले की बायका जेवायला थांबत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत, निघताना दारात अर्धा तास उभ्या राहत. आता निरोप घ्यायला दारच नव्हतं. कौतिकबाई बाही खुंटीला लावत, एकट्यापुरती भाकरी टाकत, आणि ती फुगली की कुणाला दाखवावी हे न कळून तव्यावरून उतरवत. गल्लीतल्या बायकांशी त्यांचं फारसं पटत नव्हतं. ज्यांच्याशी पटायचं, त्या लेकांमागं शहरांत गेल्या होत्या.

गजरासुद्धा.

ते मात्र कौतिकबाईंनी माफ केलं नव्हतं. लेकाकडे सुरतेला राहायला जायचं, तर गजरानं विचारायला नको? विचारलं नाहीच, सांगितलं, तेही रिक्षा दारात उभी असताना.

"भटू न्यायला आलाय कौतिक. जाते मी."

"जा. माझ्याकडून यापुढं शब्द मिळायचा नाही."

गजरा उंबऱ्यात जराशी थांबली होती. मग हसली होती. "बरं. बघू आधी कोण बोलतं."

त्याला पाच-सहा वर्षं झाली. कुणीच बोललं नाही. सकाळच्या हजेरीला गजरा कधी तोंड दाखवत नसे. आपली चौकट काळी ठेवी. पण हातांचा अबोला नव्हता. रोज सकाळी सुरतेची गजरा आणि अमळनेरची कौतिक, दोघी कधी न गेलेल्या त्या स्वयंपाकघरात, एकमेकींच्या तळहाताला तळहात लावत. आणि उंडा जरा घट्ट झाला, कड जाड राहिली, की गजरा तो घ्यायची नाही. ताठ अंगठ्यानं सरळ परत ढकलायची. कौतिकबाई शिव्या घालत तो पुन्हा लाटत. सगळ्या कंपनीत त्यांचा उंडा परत करायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. दिवसाकाठी असे दोन-तीन उंडे परत आले की कौतिकबाईंचा दिवस बरा जाई.

संक्रांतीपासून एकही परत आला नव्हता.

गजराचे हात एकाएकी गुणी झाले होते. द्याल ते घेत, पसरवत, टाकत. कौतिकबाईंनी मुद्दाम दगडासारखा उंडा देऊन पाहिला, तोही गेला. याचा अर्थ त्यांनी असा लावला, की गजरा शरण येतेय. आता बोलेल, उद्या बोलेल. सांगायला शब्दही तयार ठेवले होते: 'आलीस ना वळणावर?' आणि ती बोलली नाही. उलट आज घागर न भरताच येऊन बसली.

त्यांनी बाही तशीच ठेवून आर्वीला फोन लावला.

"तुझ्या कंपनीत धर्म राहिला का नाही? गजरा बसलीय कामाला. आत्ता. घागरीच्या आधी."

पलीकडून आर्वी अडखळतच बोलली. ही पोरगी एरवी वाक्याला वाक्य चिकटवून बोलणारी.

"आजी, आज खूप गर्दी आहे गं. संध्याकाळी बोलू?"

"गजरा बरी आहे ना?"

"तू... तू काम कर ना आजी. मी करते फोन."

फोन ठेवला गेला. कौतिकबाईंनी पडद्याकडे पाहिलं. पलीकडचे हात पुढे होऊन उंड्याची वाट पाहत होते. घाई नाही, कंटाळा नाही, राग नाही.

"तुला बघतेच," म्हणत त्यांनी बाही काढून खुंटीला लावली, डबाभर सांजोऱ्या घेतल्या, कारण भांडायलासुद्धा रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि घराला कुलूप घालून स्टेशन गाठलं. अबोला मोडायचा नाही हे त्यांचं ठरलेलं होतं. गजराच्या दारात जाऊन नुसतं उभं राहायचं. ती बोलल्याशिवाय राहणार नाही.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. दोंडाईचा मागे पडलं. बाहेर रखरखीत रान, पळस झडलेले. समोरच्या बाकावर एक माहेरवाशीण लेकराला पाजत होती. कौतिकबाईंनी तिला न विचारताच दोन गोष्टी सुनावल्या आणि एक सांजोरी दिली. नंदुरबारच्या अलीकडे फोन वाजला. शिरपूरची मंदा.

"माय, आज काय हात पळतोय तुमचा! आम्हाला लाजवलंत. मी आत्ता पुण्याचं स्वयंपाकघर लावून बघत होते."

"कुणाचा हात?"

"तुमचा हो. अन् गजराबाईंचा. जोडी काय जमलीय!"

कौतिकबाईंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या डब्यावर होते.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, घरात चोर शिरला आणि बाही चढवून बसला. मग हसू आलं. मग आलेलं हसू तिथंच थिजलं, कारण त्यांना पुढचा हात आठवला.

आर्वीनं त्यांना ते एकदा नीट समजावलं होतं. बाहीत केसाएवढे तंतू असतात. स्नायू हलायच्या आधी त्यात विजेची एक बारीक शिरशिरी येते. तंतू ती टिपतात आणि पुण्याला धाडतात. पुण्यातल्या पोलादी बोटांना जे लागतं, मऊ, घट्ट, गरम, ते तसंच उलट येतं. बाही तिथं तिथं आवळते, तापते, म्हणून हवेत काम करूनही पीठ हाताला लागतं. अडचण एकच. अमळनेरहून पुण्याला आणि पुण्याहून सुरतेला, वीज झाली तरी वाट ती वाट. पापणी लवायच्याही आत सगळं पोचतं, पण तेवढा उशीरसुद्धा हाताला खपत नाही. डोळा फसतो, कान फसतो, हात फसत नाही. झेलणाऱ्या हाताला उंडा केसभर उशिरा लागला की तो निसटलाच.

मग यंत्रानं वाट बघणं सोडलं. प्रत्येक बाईचा हात महिनोन्‌महिने अभ्यासून ते पुढचं आधीच ओळखू लागलं. ही बाई आता मनगट फिरवणार, हे कळलं की तिचा संदेश पोचायच्या आधी मनगट फिरवून मोकळं. मागून खरा हात आला की दोघांची गाठ पडे. चुकलं असेल तर यंत्र सावरून घेई. बायका त्याला पुढचा हात म्हणत. आधी तो पापणीभर पुढे होता. मग मधेच वीज गेली तरी घटकाभर एकटा काम ओढू लागला. गेल्या वर्षी कौतिकबाईंची वीज दुपारभर गेली होती आणि एकही मांडा अडला नव्हता.

तेव्हा त्या आर्वीवर उखडल्या होत्या. "माझ्यामागं माझा हात चालतो? हात आहे का मोकाट सोडलेला बैल?"

आता बैल पुण्यात मांडे करत होता, आणि त्या नंदुरबारला होत्या.

समोरचं लेकरू रडायला लागलं. कौतिकबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. एक विचार त्यांच्या दाराशी येऊन उभा होता, आणि त्या त्याला आत घेत नव्हत्या. गजरा आळशी झाली असेल. गजरानं बाही टाकून देवदर्शनाला जायचं ठरवलं असेल. गजराला नातसून आली असेल. नवापूर गेलं, डोंगर मागे गेले. सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरेपर्यंत त्यांनी त्या विचाराला उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

भटूचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढून दम लागला, तरी दारासमोर त्या आधी पदर सारखा करून उभ्या राहिल्या. दार उघडंच होतं. आत खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला पाटावर गव्हाची रास, त्यावर घागर, घागरीच्या तोंडावर खरबूज, आंबा, सांजोरी. ती भटूच्या बापाची.

तिच्या शेजारी दुसरी घागर होती. कोरी करकरीत, अजून मातीचा वास जात नसलेली. यंदा पहिल्यांदाच भरलेली.

कौतिकबाई दारातच खाली बसल्या.

भटू आतून आला. केस पांढरे झालेले, मध्यंतरी उतरवलेले आणि अजून पुरते न वाढलेले. त्यानं त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मावशी... आर्वीनं सांगितलं तुम्हाला?"

"कधी?" त्यांनी विचारलं.

"संक्रांतीनंतर लगेच. छातीत पाणी झालं होतं. चार-आठ दिवस काढले तिनं." तो पुढ्यात बसला. "मावशी, गावात मी कळवलं सगळ्यांना. त्यांना वाटलं, तुमचा तर रोजचा हातात हात. तुम्हाला पहिल्यांदा कळलं असणार. तुमच्यासमोर विषय काढायची कुणाची..."

"हिंमत नाही झाली. म्हण ना."

भटूची बायको पाणी घेऊन आली. कौतिकबाईंनी तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"आर्वीला कुणी गप्प बसवलं?"

"आईनंच. शपथ घातली आम्हाला दोघांना." भटूनं मान खाली घातली. "म्हणाली, कौतिकला कळवू नका. ती चारचौघांत रडायची नाही, आणि न रडता एकटी बसेल. माझे हात चालू राहू द्या. तिला वाटू दे मी अजून रुसलेय. रुसलेल्या माणसाची वाट तरी बघता येते."

कौतिकबाईंनी तांब्या न पिताच खाली ठेवला.

"म्हणजे पुन्हा विचारलं नाहीच मला," कौतिकबाई म्हणाल्या.

"मावशी, शेवटच्या दोन दिवसांतसुद्धा ती बाही चढवून..."

"पुरे. त्या उंड्यांचं सांग. परत का ढकलत नव्हती?"

भटूला आधी समजलं नाही. मग तो हळू म्हणाला, "ते यंत्रवाल्यांनी काढलं. उंडा परत गेला की माल रखडतो. बाहीत माणूस असलं की त्याला कुणी अडवू शकत नाही. पण नुसता पुढचा हात उरला, तेव्हा तेवढी हालचाल वगळली. आर्वीला नको होतं, पण..."

"पण धंदा," कौतिकबाईंनी वाक्य संपवलं. यंत्राला हात कळले होते. पंचांग कळलं नव्हतं, आणि भांडण कळलं नव्हतं. "तिची बाही कुठाय?"

बाही आतल्या खोलीत खुंटीला होती. कौतिकबाईंनी ती चढवली. गजरा हाडकुळी, बाही दंडाला काचली. समोरचा पडदा उजळला आणि पुण्यातलं स्वयंपाकघर दिसलं, पण उलट्या बाजूनं. आजवर समोर गजराचे हात असत. आता समोर स्वतःचे होते. जिवंत हात आला की पुढच्यानं मागे सरायचं, एवढी रीत आर्वीनं यंत्राला शिकवली होती. गजराचे हात त्यांच्या ताब्यात आले.

समोरच्या हातांनी उंडा भरला, लाटला, आणि फाडकन त्यांच्या तळहातावर आदळला.

कौतिकबाई दचकल्या. हा काय देण्याचा प्रकार? समोरची तयार आहे का नाही हे बघायचं नाही, नुसतं अंगावर टाकायचं? दुसरा आला. तोही तसाच. कड जाड, एका बाजूला पुरण गोळा झालेलं. 'घे, आणि निस्तर' म्हणणारा. इतकी वर्षं गजरा हे झेलत होती. ओट्यावर झेलत होती, सुरतेतून झेलत होती, ताठ अंगठ्यानं.

तिसऱ्या उंड्याला त्यांना आणखी एक गोष्ट कळली. उंडा दिल्यावर ते समोरचे हात लगेच मागे जात नव्हते. पुढेच राहत होते. तळहात वर, बोटं जरा उघडी. क्षणभर. मग पुन्हा कामाला लागत. चौथ्यालाही तसंच. पाचव्यालाही.

आपण असं करतो हे कौतिकबाईंना ठाऊक नव्हतं. आपण कुणाची वाट बघतो, असं त्यांना जगात कुणी म्हटलं असतं तर त्याची त्यांनी खैर ठेवली नसती. पण यंत्रानं त्यांना विचारून हे शिकून घेतलं नव्हतं. रोज जे दिसलं ते उचललं होतं. पुण्याच्या त्या खोलीत त्यांचा हात, मागे कुणी माणूस नसताना, मेलेल्या बाईनं उंडा परत ढकलावा म्हणून थांबत होता. आणि संक्रांतीपासून रोज थांबून रिकामा परत जात होता.

पुढचा उंडा आला. कौतिकबाईंनी तो झेलला, डावा अंगठा ताठ केला, आणि सगळा जोर लावून परत ढकलला.

समोरचे हात थबकले. मग त्यांनी उंडा पाटावर घेतला, रागारागानं लाटणं फिरवलं, जाड कड मोडली, आणि पुन्हा पुढे केला. पातळ, सारखा, गोल. असा उंडा त्यांनी कित्येक महिन्यांत केला नव्हता.

तो त्यांनी हातांवर घेतला नाही. पाटावर तसाच राहू दिला. भटूच्या बायकोनं आर्वीला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

"आजी," आर्वी रडत होती. "आजी, मी शपथ..."

"नाक पूस. बंद कर."

"काय?"

"दोघींचे हात. आत्ता."

"आज? आजी, आज आखाजी आहे. पुण्यात किती घरं मांड्यांसाठी ताटं मांडून बसलीत..."

"त्यांना सांग, मांडे करणारीच्या घरी घागर आहे. आखाजी कळत असेल तर गप्प बसतील. कळत नसेल तर उद्या खातील. उद्या मी बसेन. मी. अन् यापुढं या कंपनीत जी बाई बाहीत नाही, तिचा हात चालायचा नाही. मंजूर नसेल तर तपासायला दुसरी सासू बघ."

आर्वीनं नाक ओढलं. मग अगदी हळू म्हणाली, "तुझा थांबवते. गजराआजीचा... पुसायचा का? एकदा पुसला की परत आणता नाही यायचा. मी नुसता ठेवून देते ना. कामाला नाही. तुला कधी वाटलं, एखाद्या दुपारी, की..."

कौतिकबाईंनी पडद्याकडे पाहिलं. बाहीतून मनगटाला पुण्याच्या खापराची धग लागत होती. एखाद्या दुपारी. अमळनेरच्या घरात दुपारी फार लांब असत. नुसती बाही चढवायची, हात पुढे करायचा; पलीकडे तो ताठ अंगठा असेल. उंडा परत करणार नाही, पण असेल तरी. कुणाला सांगायची गरज नाही. कुलूप नसलेल्या धंद्यात कोण बघतंय?

भटूची बायको फोन धरून अवघडली होती.

"भांडत नाही ती," अखेर त्या म्हणाल्या. "जी माझ्याशी भांडत नाही, ती गजरा कुठली? पूस."

त्यांनी बाही काढायच्या आधी डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत एकदा धरला. पुण्यात पोलादाच्या मुठीनं पोलादाचा अंगठा धरला. मग धग गेली, बाही सैल पडली, आणि पडदा काळा झाला.

बाहेरच्या खोलीत दोन्ही घागरी तशाच होत्या. कोऱ्या घागरीच्या अंगावर पाणी पाझरून थेंब जमले होते. भटू उठून उभा राहिला. कौतिकबाईंनी त्याला हातानंच बाजूला केलं. त्या पाटासमोर मांडी घालून बसल्या. डबा उघडला, एक सांजोरी काढली, कड चाचपून पाहिली आणि खरबुजाशेजारी ठेवली. आवाज नेहमीचाच होता, तीन मजले खाली ऐकू जाईल असा.

"गजरे, ऐक. घागर भरल्याशिवाय पिठाला शिवायचं नसतं, मेल्यावरसुद्धा. अन् न विचारता जायची तुझी खोड गेली नाही ती नाहीच. तरी अबोला मी मोडलाय, चारचौघांसमोर. म्हणजे मोठी मी, अन् चूक तुझीच होती. आता पाणी पी."